चालता विभाग बंद करणारी साखळी: जेसीपेनीच्या फ्रीज-वॉशिंग मशीनचा हिशेब

प्रश्न असा आहे. अमेरिकेतल्या जेसीपेनी या डिपार्टमेंट स्टोअर साखळीने २०१६ मध्ये फ्रीज, वॉशिंग मशीन, ओव्हन अशी मोठी घरगुती उपकरणं विकायला सुरुवात केली आणि २८ फेब्रुवारी २०१९ पासून ती बंद केली. विक्री आधीच घसरत असताना एकेका गिऱ्हाइकामागे हजार-हजार डॉलरचं बिल करणारा माल कंपनी स्वतःहून का काढते? निर्णय बरोबर होता का? आणि अशी बातमी आली की बाहेरच्या माणसाने, म्हणजे शेअरधारकाने किंवा माल पुरवणाऱ्याने, तिचा अर्थ कसा लावायचा?

किरकोळ विक्रीत कुठल्या मालाला किती जागा द्यायची आणि त्यातून किती उरतं, हे बघणं माझं रोजचं काम आहे, त्यामुळे त्याच बाजूने उत्तर देतो. काढायचा निर्णय बरोबर होता. पण त्याने पेनीचं दुखणं बरं होण्यासारखं नव्हतं, कारण विभाग बंद केल्याचा फायदा बंद केलेल्या मालावर ठरत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत पुढे काय विकलं जातं, त्यावर तो ठरतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. पेनी उपकरणं पहिल्यांदाच सोडत होती असं नाही. १९८३ मध्ये तिने उपकरणं, हत्यारं, रंग, बागकामाचं सामान, गाड्यांची दुरुस्ती हे सगळं एका झटक्यात सोडून कपड्यांवर भर दिला होता. तेहतीस वर्षांनी परत येण्याचा निर्णय पेनीचे तेव्हाचे प्रमुख मार्विन एलिसन यांचा. ते घरदुरुस्तीचं सामान आणि उपकरणं विकणाऱ्या होम डेपो या साखळीतून आलेले, म्हणजे हा माल त्यांच्या ओळखीचा. त्यांचा विचार वरवर पाहता चुकीचाही नव्हता. त्याच मॉल्समध्ये समोरच्या टोकाला असलेली सिअर्स दुकानं मिटत चालली होती आणि उपकरणं हा तर सिअर्सचा हुकमी माल. घरबांधणी सावरत होती. कपड्यांचा खप हवामानावर हेलकावे खातो, हिवाळा लांबला की कोट पडून राहतात. फ्रीज मात्र बिघडला की कुठल्याही महिन्यात घ्यावाच लागतो. मोजक्या दुकानांत चाचणी घेऊन त्यांनी काही महिन्यांतच सुमारे ५०० दुकानांत हे विभाग उघडले. २०१८ मध्ये एलिसन होम डेपोसारख्याच लोव्हज या साखळीचे प्रमुख म्हणून निघून गेले, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी जिल सोल्टाऊ आल्या आणि चार महिन्यांत उपकरणांवर फुली पडली. सोबत दुकानातलं फर्निचरही गेलं. ते ऑनलाइन ठेवलं आणि पोर्टो रिकोतल्या दुकानांत राहू दिलं.

नवा प्रमुख आला की आधीच्याची आवडती कल्पना आधी जाते, हे या धंद्यात नेहमीचंच. पण इथे आकड्यांनीही तेच सांगितलं असणार.

फ्रीजचं अर्थकारण कपड्यांपेक्षा अगदी वेगळं असतं. नामांकित ब्रँडच्या फ्रीजला मॉडेल नंबर असतो आणि तो नंबर सगळ्या दुकानांत एकच असतो. गिऱ्हाईक फ्रीजसमोर उभं राहून फोनवर तोच नंबर शोधतं आणि दुसरीकडे वीस डॉलर कमी दिसले की तिथून ऑर्डर करतं. पेनीच्या सेंट जॉन्स बे किंवा अ‍ॅरिझोना या घरच्या ब्रँडच्या शर्टाला असा नंबरच नसतो, त्याची तुलना कशाशी करणार? त्यामुळे शर्टावर मार्जिन, म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी किंमत जाऊन उरणारा भाग, राखता येतं, फ्रीजवर येत नाही. वर उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या जाहिरातीत किती किंमत दाखवायची त्याची खालची मर्यादा स्वतः ठरवतात, आणि अशा ब्रँडचा माल बहुतेक दुकानांच्या कूपनमधून वगळलेला असतो. पेनीचं गिऱ्हाईक तर कूपनवर वाढलेलं. त्याच्या हातातलं कूपन ज्या विभागात चालत नाही, तो विभाग त्याला परका वाटतो.

पोचवण्याचा खर्च वेगळाच. शर्ट परत आला तर घडी करून पुन्हा रॅकवर जातो. फ्रीज परत येतो तो ट्रकमधून, दोन माणसांच्या मजुरीसह, आणि बरेचदा कडेला पोचा घेऊन. दार डावीकडे उघडणारं हवं होतं, जिन्याच्या वळणावर अडकला, कपडे वाळवायचं मशीन गॅसवरचं आलं आणि घरात जोडणी विजेची आहे, अशा कारणांनी होणाऱ्या फेऱ्यांचे पैसे गिऱ्हाइकाकडून मागता येत नाहीत. जुना फ्रीज उचलून न्यायचा, नवा जोडून द्यायचा, आणि हे ‘मोफत’ असल्याचं जाहिरातीत छापायचं, कारण शेजारचा छापतो. विकायला माणूसही साधा चालत नाही. माहितगार लागतो आणि तो कमिशनवर काम करतो. मोठ्या साखळ्यांना हे सगळं परवडतं कारण त्यांचा ट्रक दिवसभर भरलेला असतो. मॉलमधल्या एका कोपऱ्यात तीस-चाळीस उपकरणं मांडून बसलेल्याचा ट्रक अर्धा रिकामा फिरतो.

आता एक हिशेब मांडतो. आकडे मी कल्पिलेले आहेत, पेनीचे नाहीत, पण प्रमाण साधारण असंच असतं. समजा १,००० चौरस फूट जागेत उपकरणं आहेत आणि वर्षाची विक्री ५ लाख डॉलर आहे. मार्जिन १८ टक्के, म्हणजे ९० हजार. त्यातून विक्रेत्यांचा पगार आणि कमिशन ३० हजार, पोचवणं, जोडणं आणि नुकसान २० हजार, जाहिरात १२ हजार, बिनव्याजी हप्त्यांच्या योजनेपोटी बँकेला द्यावे लागणारे १० हजार. हातात राहिले १८ हजार. शेजारी तेवढ्याच जागेत कपडे आहेत. विक्री फक्त २ लाख, पण सवलती जाऊनही मार्जिन ३६ टक्के, म्हणजे ७२ हजार. माणसं, ट्रायल रूम, जाहिरात मिळून खर्च २७ हजार. उरले ४५ हजार.

इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, झालं की, फ्रीज काढा आणि कपडे लावा, अडीचपट फायदा. बोर्डापुढच्या स्लाइडवर नेमके हेच दोन आकडे शेजारीशेजारी असतात, आणि तिथेच मेख आहे. ४५ हजार ही सध्याच्या कपड्यांच्या जागेची सरासरी आहे. आणखी १,००० चौरस फूट कपडे लावले म्हणून तितकेच कपडे खपतील असं नाही. दुकानात येणारी माणसं तेवढीच आहेत आणि जीन्स घ्यायला आलेल्याला जीन्स आधीही मिळतच होती. वाढीव जागेत येतात ते जास्तीचे रंग, जास्तीचे साइझ, दुसऱ्या फळीचे ब्रँड. समजा त्या जागेतून ८० हजारांची विक्री झाली. हा माल जास्त सवलतीत काढावा लागतो, म्हणून मार्जिन ३२ टक्के धरू, म्हणजे २५,६००. खर्च ९ हजार. राहिले १६,६००.

१८ हजार देऊन १६,६०० घेतले. मार्जिनचा टक्का मात्र कागदावर झकास सुधारला, कारण १८ टक्क्यांची मोठी विक्री सरासरीतून निघून गेली.

याचा अर्थ विभाग काढूच नये असा नाही. या हिशेबात १८ हजार मिळवायला लागणारी डोकेदुखी धरलेली नाही. ट्रकचे करार, वॉरंटीच्या तक्रारी, वरिष्ठांचा वेळ, प्रत्येक सुट्टीच्या सेलमध्ये जाहिरातीचं पहिलं पान फ्रीजला देणं आणि त्यापायी कपडे आतल्या पानावर जाणं, हे सगळं त्या विभागाच्या खात्यात कधीच लिहिलं जात नाही. पेनीसाठी ही शेवटची गोष्ट फार महाग पडली असं माझं मत आहे. फ्रीज घ्यायला माणूस दहा-बारा वर्षांतून एकदा येतो. टॉवेल, मुलांचे कपडे, अंतर्वस्त्रं घ्यायला तो वर्षातून अनेकदा येऊ शकतो. डिपार्टमेंट स्टोअर जगतं ते या दुसऱ्या प्रकारच्या फेऱ्यांवर.

उलट बाजूने एक फसवा हिशेब असतो, त्याबद्दलही सांगायला हवं. दुकानाचं भाडं, वीज, सुरक्षा, मुख्यालयाचा खर्च हे सगळ्या विभागांवर वाटून टाकतात, बहुधा विक्रीच्या किंवा जागेच्या प्रमाणात. हा वाटून आलेला खर्च लावला की फ्रीजचा विभाग तोट्यात दिसतो. तो बंद केला तरी दुकानाचं भाडं एका डॉलरने कमी होत नाही. तोच खर्च आता उरलेल्या विभागांवर पडतो, मग त्यातला सगळ्यात लेचापेचा विभाग तोट्यात दिसू लागतो, आणि पुढच्या वर्षी त्याची पाळी येते. प्रत्येक वर्षीचा निर्णय सुटा बघितला तर बिनचूक वाटतो. म्हणून मी कुठलाही विभाग तपासताना आधी विचारतो की हा गेला तर कुठला खर्च खरोखर जाईल? ज्या खर्चाचं बिल येणं बंद होणार नाही, तो या चर्चेत आणायचाच नाही.

‘माल काढला की पैसा मोकळा होतो’ हेही तुम्ही ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या अडचणीतल्या साखळ्यांचं मुख्य बँक कर्ज दुकानातल्या मालाच्या तारणावर असतं. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस बघतो की उद्या दुकान बंद करून माल फुंकून टाकला तर किती येतील, आणि त्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत कंपनीला पैसे उचलता येतात. माल विकून टाकला की तारण कमी झालं, म्हणजे उचल करण्याची मर्यादाही खाली आली. क्लिअरन्स सेलमधून आलेल्या रोकडीतला बराचसा भाग मग कर्ज खाली आणण्यातच जातो. शिवाय क्लिअरन्समध्ये चांगली मॉडेल पहिल्या दोन आठवड्यांत जातात आणि शेवटी उरतात ती हाताळलेली, ओरखडे पडलेली, मांडणीतली उपकरणं. ती खर्चाच्या बरीच खाली काढावी लागतात. पुरवठादार काही माल परत घेतो, सवलतीचा काही भार उचलतो, पण ज्या दुकानातून त्याला पुढे धंदा मिळणार नाही तिथे तो किती उदार होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

पेनीचं पुढे काय झालं ते आकड्यांतच दिसतं. २०१९ च्या दुसऱ्या तिमाहीत तिच्या तुलनात्मक दुकानांची, म्हणजे दोन्ही वर्षी चालू असलेल्या दुकानांची, विक्री आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा ९ टक्क्यांनी घटली. बंद केलेली उपकरणं आणि दुकानातलं फर्निचर हिशेबातून वगळलं तरी घट ६ टक्के होती. तिसऱ्या तिमाहीत हेच आकडे ९.३ आणि ६.६ टक्के. विकलेल्या मालाच्या खर्चाचं विक्रीशी प्रमाण सुधारलं, म्हणजे कागदावर टक्का वधारला. पण ६ टक्के ही घट कपडे, चादरी, पडदे अशा मूळ मालातली होती, ज्याच्यावर ‘लक्ष केंद्रित’ करण्यासाठी उपकरणं काढली होती. मोकळी झालेली जागा भरायला गिऱ्हाईकच कमी येत होतं. डोक्यावर सुमारे ४ अब्ज डॉलरचं कर्ज होतं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे दुकानं बंद झाली आणि १५ मे रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्षअखेर सायमन आणि ब्रुकफील्ड या मॉलमालकांनीच दुकानांचा धंदा विकत घेतला.

म्हणून मी ‘बरोबर, पण अपुरं’ म्हणतो. उपकरणं ठेवली असती तर शेवट लांबला असता असं मला वाटत नाही.

मग मोकळ्या जागेचं काय करायला हवं होतं? पेनीकडे याचं उत्तम उदाहरण घरातच होतं. २००६ पासून तिच्या दुकानांत सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या साखळीचे कोपरे होते. सौंदर्यप्रसाधनं संपतात, म्हणून गिऱ्हाईक पुन्हा येतं, आणि वयाने तरुण असलेलं येतं. चौरस फुटाला इतकं काम करणारी दुसरी जागा पेनीत क्वचितच असेल. पण असा कोपरा दुसऱ्याच्या नावावर चालतो, आणि दुसरा उठून जाऊ शकतो. डिसेंबर २०२० मध्ये सेफोराने कोल्स या दुसऱ्या डिपार्टमेंट स्टोअर साखळीशी करार जाहीर केला, ऑगस्ट २०२१ पासून कोल्सच्या दुकानांत तिचे कोपरे उघडू लागले, आणि पेनीला स्वतःचा सौंदर्यप्रसाधनांचा विभाग उभा करावा लागला. स्वतः काढलेल्या विभागापेक्षा दुसऱ्याने काढून नेलेला विभाग जास्त दुखतो.

यावरून सिअर्स आठवते. ऑक्टोबर २०१७ मध्ये बातमी आली की सिअर्स व्हर्लपूलची उपकरणं विकणं बंद करत आहे. व्हर्लपूलसोबत मेटॅग, किचनएड आणि जेन-एअरही. १९१६ पासूनचं नातं होतं ते. मथळ्यात ‘सिअर्सने बंद केलं’ असं होतं, पण भांडण किमतींवरून होतं आणि व्हर्लपूलने त्याच वर्षी आधीपासून माल पाठवणं थांबवलं होतं. तोवर व्हर्लपूलच्या जगभरच्या विक्रीत सिअर्सचा वाटा जेमतेम ३ टक्के उरला होता. एके काळी जी साखळी कारखान्याला अटी घालत होती, ती आता कारखान्याला सोडून देता येण्याइतकी लहान झाली होती. वर्षभराने, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी २०१७ मध्येच तिने क्राफ्ट्समन हा हत्यारांचा ब्रँड स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला सुमारे ९० कोटी डॉलरला विकला होता. रोकड आली, पण पाना-स्क्रूड्रायव्हर घ्यायला सिअर्समध्येच जायचं कारण त्या ब्रँडसोबत गेलं. तोच ब्रँड पुढे लोव्हजमध्ये दिसू लागला.

तेव्हा बातमी वाचताना पहिली शंका ही घ्या की दुकानाने माल सोडला की मालाने दुकान? पहिल्या प्रकारात कंपनी सहसा तारीख, क्लिअरन्सची मुदत आणि जागेचं पुढे काय करणार हे एकदम सांगते. दुसऱ्या प्रकारात शेल्फं आधी विरळ होतात आणि घोषणा नंतर येते.

तिमाही निकाल हातात आले की कंपनी दोन आकडे देईल, एक बंद केलेला माल धरून आणि एक वगळून. कंपनी दुसरा आकडा स्वतःला सोडवून घ्यायला देते. तुम्ही तो मूळ धंद्याची प्रकृती म्हणून वाचा. तो शून्याच्या आसपास असेल तर विभाग काढल्याने खरोखर ओझं उतरलं. तो पाच-सहा टक्के उणे असेल तर काढलेला विभाग हा मुळात प्रश्नच नव्हता. मार्जिनचा टक्का वाढला म्हणून हुरळून जाऊ नका. टक्क्याने पगार होत नाहीत, एकूण किती डॉलर मार्जिन आलं ते बघा. त्याच्या जोडीला ताळेबंदातला माल आणि पुरवठादारांचं देणं शेजारीशेजारी ठेवा. माल दहा टक्क्यांनी कमी झाला आणि देणं पंचवीस टक्क्यांनी, तर त्याचा सरळ अर्थ असा की पुरवठादार उधारीची मुदत आखडती घेत आहेत किंवा रोख मागत आहेत. डिपार्टमेंट स्टोअरचा श्वास उधारीवर चालतो. ही खूण मला कुठल्याही मुलाखतीपेक्षा जास्त सांगते.

तुम्ही अशा साखळीला माल पुरवत असाल तर तुमचा विभाग चालू राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात दोन मुदती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत तुम्हाला मिळालेली जुन्या बिलांची रक्कम नंतर परत मागितली जाऊ शकते, विशेषतः ती नेहमीच्या रिवाजापेक्षा वेगळ्या पद्धतीने दिलेली असेल तर. आणि अर्जाच्या आधीच्या २० दिवसांत कंपनीला मिळालेल्या मालाच्या पैशांना सामान्य बिनतारण देण्यांच्या आधी हक्क मिळतो. त्याहून जुन्या बिलांवर डॉलरमागे काही सेंट हाती पडले तरी नशीब समजायचं. हे २० दिवस माल त्यांच्या ताब्यात आल्यापासून मोजतात, तुमच्या गोदामातून निघाल्यापासून नाही. म्हणून विभाग बंद होण्याच्या बातम्या येऊ लागल्या की त्यांच्या गोदामाची सही-शिक्क्याची, तारखेसह पोच दर खेपेला मागून घ्या आणि ती बिलासोबत लावून ठेवा.